वडील माजी सैनिक, मुलगी बीएससी नर्सिंगला? पंतप्रधान शिष्यवृत्तीचा फॉर्म असा भरा

आमच्या काकांनी युनिटात मुलीचं नाव नोंदवलं तेव्हा बारसंसुद्धा झालं नव्हतं, घरात सगळे पिंकी म्हणायचे म्हणून त्यांनी तेच लिहून दिलं. १८ वर्षांनी ती नर्सिंगला लागली, आम्ही फॉर्म भरायला बसलो आणि बघतो तर डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी फौजेकडून मिळतं त्या पुस्तिकेत, पिंकी, दहावीच्या सर्टिफिकेटवर प्रियांका! म्हणून वेबसाइट नंतर, आधी ट्रंकेतलं ते डिस्चार्ज बुक काढा आणि नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधार आणि मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. जुळत नसेल तर दुरुस्ती वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आणि कागद कसे पाठवायचे ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. बारावीच्या सुट्टीतच हे उरकून घ्या.

आता आपण बसतो का ते बघा. ही योजना केंद्रीय सैनिक बोर्डाची, माजी सैनिक आणि माजी तटरक्षक यांच्या मुलांसाठी आणि विधवा पत्नींसाठी. वडील अजून नोकरीत असतील तर नाही मिळत. सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची वेगळी आहे, गृहमंत्रालयाची, तिचा फॉर्म इथे भरू नका. बारावीला किमान ६० टक्के हवेत, कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेलं हवं, आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा, दुसऱ्या वर्षाला जाग आली तर काही उपयोग नाही. जीएनएम हा डिप्लोमा आहे, तो यात बसत नाही.

पैसे मुलीला महिना ३००० आणि मुलाला २५००, पण दर महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम खात्यात पडतात. म्हणजे मुलीला वर्षाला ३६,०००, चार वर्षांचे १,४४,०००. पहिली फी मात्र तुम्हालाच भरायचीय, या पैशाच्या भरवशावर कॉलेजला तारीख देऊ नका!

मग कागद. माजी सैनिक असल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाइड आणि बँकेचं प्रमाणपत्र हे तिन्ही बोर्डाच्या वेबसाइटवरच्या ठरलेल्या नमुन्यातच लागतात. कॉलेजचा क्लार्क आपलं नेहमीचं बोनाफाइड छापून देतो, ते घेऊन येऊ नका, नमुन्याची प्रिंट हातात ठेवूनच जा. खातं विद्यार्थ्याच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं पाहिजे. झेरॉक्सचा फोटो काढून टाकण्यापेक्षा ओरिजिनल स्कॅन करा, शिक्का नीट वाचता यायला हवा.

फॉर्म केएसबीच्या, म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाच्याच साइटवर ऑनलाइन भरायचा. सबमिट झाला की सुटलो असं समजू नका, तो आधी जिल्हा कार्यालयात तपासला जातो, मग राज्याकडे, मग दिल्लीला. ओरिजिनल कागदांची फाइल घेऊन जिल्हा कार्यालयात जाऊन या, आणि नंतर ईमेल बघत राहा, कारण त्रुटी निघाली तर तिथेच कळतं. ईमेल सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका बाबांनो, स्वतःचा द्या.

एकूण जागा देशभरात ५५००, निम्म्या मुलींच्या. शहीद आणि युद्धात अपंग झालेल्या जवानांची मुलं आधी, मग पुढच्या कॅटेगऱ्या. नॉर्मल रिटायर झालेल्या जवानाचं मूल शेवटच्या, सहाव्या कॅटेगरीत, तिथे बारावीचे मार्क बघतात.

एकदा मिळाली की दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज करायचा आणि ५० टक्के टिकवायचे. नर्सिंगचं पहिलं वर्ष, त्यात ॲनाटॉमी फिजिऑलॉजी, भलेभले घसरतात.

एमएस्सी नर्सिंगला मात्र ही शिष्यवृत्ती नाही, मास्टर्समध्ये फक्त एमबीए, एमसीए धरतात. हवालदार किंवा त्याखालच्या रँकच्या माजी सैनिकाची विधवा पत्नी स्वतः एमएस्सी करत असेल तर बोर्डाचंच महिना २००० रुपयांचं शिक्षण अनुदान दोन वर्षांच्या पदव्युत्तर कोर्सला मिळतं. त्याचा अर्ज वेगळा, पण कागद तपासायला तेच जिल्हा कार्यालय, तेव्हा एका फेरीत दोन्ही विचारून या.