लेकराचा गुडघा दुखतोय? तेल चोळण्याआधी हे वाचा

आपल्याकडं लेकरू गुडघा दुखतो म्हणलं की आधी तेल, मग बाम, मग कुणीतरी सांगतं अमक्या गावचा हाडवैद्य लई भारी, आणि दोन-तीन महिने असेच निघून जातात. बहुतेक वेळा काही नसतंच, हाडाचा कॅन्सर दुर्मिळच आहे, उगं घाबरू नका. पण फरक माहीत पाहिजे.

वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी-रात्री असतं, सकाळी पोरगं कबड्डीला मोकळं. पण एकाच जागी दुखतंय, दर आठवड्याला वाढतंय, रात्री झोपेतून उठवतंय, सूज आहे, लंगडतंय, तर चोळणं बंद करा अन् डॉक्टर गाठा. "खेळताना पडला होता" हे तर प्रत्येक घरात निघतं, पोरं पडतातच की! पडल्यानं कॅन्सर होत नाही, फक्त आपलं लक्ष तिकडं जातं.

हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार ऑस्टिओसारकोमा, तो जास्त करून 10 ते 20 वयात, उंची भराभर वाढते तेव्हा, गुडघ्याच्या वर-खाली नाहीतर खांद्याजवळ होतो. दुसरा युइंग सारकोमा, तो कंबरेच्या हाडात, बरगडीतही होतो, कधी ताप येतो म्हणून इन्फेक्शन समजून गोळ्या चालू राहतात.

आधी साधा एक्स-रे काढा. त्यात गडबड दिसली तर एमआरआय, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, आणि ती जिथं पुढचं ऑपरेशन होणार तिथल्याच टीमकडून, हे एक ऐकाच. चीर भलत्या जागी गेली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. छातीचा सीटी पण करतात, कारण हा पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. आपल्याला जवळ संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, नाहीतर परळचं टाटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा अन् महात्मा फुले योजनेचं पहिल्याच दिवशी विचारा.

आधी केमो, मग ऑपरेशन, परत केमो, असं बरेच महिने चालतं. आता बहुतेकांचा पाय कापावा लागत नाही, खराब हाड काढून धातूचा सांधा बसवतात. वयात आलेल्या पोराचं वीर्य केमोआधी साठवून ठेवता येतं, लाजू नका, विचारा. आणि केमो चालू असताना ताप 100.4 वर गेला तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, हॉस्पिटलला फोन लावा अन् रात्रीच निघा.