खत बनावट नव्हतं: ठिबकच्या ड्रममध्ये काय विरघळतं, काय नाही

"काकू, खत डुप्लिकेट हाय. इरघळंनाच."

डिसेंबरची सकाळ होती. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची मोसंबी पोसत होती, म्हणून पुतण्यानं चार वेळचं पोटॅश एकदाच कालवून ठेवायचं ठरवलं. २०० लिटर पाण्यात तेरा-शून्य-पंचेचाळीस या पोटॅशच्या खताच्या २५ किलोच्या दोन बॅगा ओतल्या. अर्धा तास काठीनं ढवळलं तरी तळाशी खड्यांचा थर तसाच. दुकानदाराला फोनही झाला होता, आणि बोलणं बरं नव्हतं. मी ड्रमला बाहेरून हात लावला, तर हात ठेववेना इतका गार.

खत अस्सल होतं. दुकानदाराची माफी मागायला मी पुतण्याला त्याच दिवशी अंबडला पाठवलं. अशी भांडणं आमच्या भागात दर हंगामात होतात, म्हणून हे सविस्तर लिहिते. रसायनशास्त्रात माझी बी.एस्सी. झाली आहे, पण यातलं बरंचसं बागेतच नीट कळलं.

आधी हे ध्यानात घ्या की पाण्याची जिरवण्याची एक हद्द असते. ठरावीक तापमानाला एका लिटरात अमुक ग्रॅम, त्यापुढे कण तळाशी बसणार. या हद्दीला पोचलेल्या द्रावणाला संपृक्त म्हणतात. ढवळल्यानं खत लवकर विरघळतं, जास्त विरघळत नाही. पुतण्याच्या ड्रममध्ये लिटरला २५० ग्रॅम पडलं होतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. २० अंशाला ते लिटरभर पाण्यात साधारण ३१५ ग्रॅम मावतं, १० अंशाला २१० आणि शून्याला जेमतेम १३०. शिवाय हे खत विरघळताना पाण्यातलीच उष्णता ओढून घेतं. हौदातलं पाणी रात्रभर गारठलेलं, त्यात खतानं ते आणखी गार केलं, आणि गार पाण्याची हद्द खाली आली. म्हणजे खतानं स्वतःचीच वाट अडवली. मी ड्रमवर काळं कापड टाकून तो उन्हात ठेवायला सांगितला. दुपारी दोनला थर नव्हता. पण रात्री पाणी १० अंशाला आलं असतं, तर लिटरमागे ४० ग्रॅम म्हणजे ड्रमात ८ किलो खत पुन्हा खडे होऊन बसलं असतं. म्हणून दोन हौदांत वाटून पातळ केलं. थंडीत चार वेळचं एकदम कालवू नका, त्या दिवसाचं त्या दिवशी करा.

युरियाही पाणी असंच गार करतो, पण त्याची हद्द फार मोठी, २० अंशाला लिटरभर पाण्यात किलोच्या वर. म्हणून तो कधी अडवत नाही. उलट शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, २० अंशाला फक्त ११० ग्रॅमच्या आसपास. ते हट्टी वाटतं ते यामुळे. सुपर फॉस्फेट तर ठिबकमध्ये घालूच नका. त्यात जिप्सम असतं, आणि जिप्सम लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं.

आता खरा घात कुठे होतो ते सांगते. दोन खतं वेगवेगळी छान विरघळतात, म्हणून एकत्रही विरघळतील असं माणूस धरून चालतो. तसं नसतं. खत पाण्यात पडलं की त्याची जोडी सुटते. कॅल्शियम नायट्रेटमधला कॅल्शियम एकटा फिरतो, बारा-एकसष्ट, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेटमधला फॉस्फेट एकटा फिरतो. एका ड्रममध्ये गाठ पडली की दोघं धरतात एकमेकांना, आणि ही नवी जोडी पाण्याला सुटत नाही. ड्रम दुधासारखा पांढरा होतो. आमच्याकडे म्हणतात, "द्रावण फाटलं." पैसे देऊन आणलेला फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही चुनखडीसारखे ड्रीपरच्या तोंडात जाऊन बसतात. कॅल्शियम नायट्रेट आणि शून्य-शून्य-पन्नासचंही तेच, तिथे जिप्सम तयार होतं. मॅग्नेशियम सल्फेटबरोबरही कॅल्शियम नायट्रेट घट्ट करून मिसळू नका, सल्फेट त्यातही आहेच.

म्हणून ड्रमच्या आधी बाटली. पाण्याची रिकामी, पारदर्शक, लिटरची बाटली घ्या. पाणी तुमच्याच बोअरचं हवं, फिल्टरचं नको, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच कॅल्शियम असतो. ड्रमचंच प्रमाण ठेवा: २०० लिटरला १ किलो घालणार असाल तर बाटलीत ५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. पहिलं खत पूर्ण विरघळू द्या, मग दुसरं घाला, झाकण लावून हलवा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. मग बाटलीमागे काळं कापड धरून बघा. मी माझ्या सासऱ्यांची घोंगडी धरते, काळ्यावर पांढरं धुकंही लपत नाही. ढग उठले, धागे दिसले, तळाशी पीठ बसलं, तर ती दोन खतं एका ड्रममध्ये जायची नाहीत. वेगळ्या दिवशी द्या, नाहीतर मध्ये वीस मिनिटं नुसतं पाणी सोडून लाइन धुऊन घ्या.

चैत्र-वैशाखात दुसराच प्रकार होतो. खत न घालताही ड्रीपर बंद पडतात. पोटॅशियम नायट्रेट गरम पाण्यात जास्त विरघळतं हे वर पाहिलं, पण चुन्याचं उलटं आहे. बोअरच्या पाण्यात तो बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो, आणि त्याला धरून ठेवतो पाण्यातला कार्बन डायऑक्साइड. दुपारी काळी लॅटरल, म्हणजे ड्रीपर बसवलेली नळी, तापली की तो वायू निघून जातो, चुना उघडा पडतो आणि जिथे थेंब सुकतो तिथेच जमतो. घरी पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तो हाच. म्हणून उन्हाळ्यात पाणी पहाटे सोडा, आणि नुसत्या पाण्यानं लाइन धुतली म्हणजे हा थर जाईल असं धरू नका, त्याला आम्लच लागतं.

आम्लावर पैसे घालण्याआधी थर कसला आहे ते ओळखा. बंद ड्रीपर कापा, आतला पांढरा भुगा बशीत घ्या आणि लिंबाचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना. फसफसलं नाही, तर काचेच्या वाटीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात चिमूटभर टाका, हातमोजे आणि चष्मा घालून. गुपचूप विरघळला तर बहुतेक फॉस्फेट, म्हणजे खतं एकत्र केल्याची खूण. तसाच राहिला तर जिप्सम किंवा माती. मातीला आम्लाचा उपयोग नाही आणि जिप्समलाही फारसा नाही. मग फिल्टर उघडून बघा आणि लॅटरलची शेवटची टोकं सोडून जोरात पाणी जाऊ द्या.

आम्ल सोडायचंच ठरलं, तर ड्रममध्ये आधी पाणी आणि त्यात आम्ल, सावकाश. उलट कधीही नाही, कारण आम्लावर पाणी ओतलं की उष्णतेनं ते उसळून अंगावर येतं. पहिल्यांदा आम्ल सोडलं त्या दिवशी पुतण्याला मी ड्रमपासून लांब उभं केलं होतं, आणि आजही पहिली बादली मीच ओतते.