टेक्सासच्या आडगावच्या काउंटीत लग्न: परवान्यापासून दाखल्यापर्यंतची तयारी

टेक्सासच्या मध्यभागातल्या हिल कंट्री या डोंगराळ भागात लग्न करायचं ठरलं की आधी रँच (मोठी शेतवाडी) बघून होते, मग केटरर ठरतो, मग भारतातून येणाऱ्यांची तिकिटं निघतात, आणि मॅरेज लायसन्सची, म्हणजे लग्नाच्या परवान्याची, आठवण सगळ्यांत शेवटी होते. माझा आग्रह आहे की हा विषय पहिल्याच बैठकीत काढावा, आणि तो काढताना दहा वर्षांनंतर लागणाऱ्या दाखल्याचाही विचार करावा. टेक्सासमध्ये परवाना काउंटी क्लर्क, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदी ठेवणारा अधिकारी, देतो आणि लग्नाची नोंद त्याच क्लर्ककडे कायमची राहते. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या रँचवर अंतरपाट धरला, म्हणून नोंद गिलेस्पी काउंटीत होते असं नाही. परवाना डॅलस काउंटीतून घेतला असेल, तर नोंदही डॅलसलाच सापडणार. नंतरच्या बहुतेक शोधाशोधीचं मूळ या एका गोष्टीत असतं, म्हणून ती दोघांनी आणि दोन्हीकडच्या आईवडिलांनी सुरुवातीलाच समजून घ्यावी.

टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 47 लाखांच्या वर होती, तर पश्चिमेकडच्या लव्हिंग काउंटीत तेव्हा फक्त 64 माणसं होती. परवाना देण्याचा अधिकार दोन्हीकडे सारखाच आहे, आणि कुठल्याही काउंटीचा परवाना राज्यभर चालतो. तेव्हा निवड तुमच्या हातात आहे. तुम्ही टेक्सासमध्येच राहत असाल, तर राहत्या काउंटीतून परवाना घ्या, लग्न मग कुठेही लावा. पुढे नोंदीची प्रत लागली की घराजवळ मिळेल. दोघंही कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीहून येणार असाल, तर मात्र रँच ज्या काउंटीत आहे तिथलाच परवाना सोयीचा. गर्दी नसते, क्लर्कच्या कार्यालयातली मंडळी वेळ देऊन समजावून सांगतात. मात्र दोघंही राज्याबाहेरचे असतील, तर नेहमीच्या फीवर 100 डॉलर जास्तीचे पडतात. एरवीची फी काउंटीप्रमाणे बदलते, साधारण 70 ते 85 डॉलरच्या घरात.

लहान काउंटीत जायच्या आधी फोन करा. हे वाक्य मी यादीत दोनदा लिहिलं असतं. कार्यालय काउंटीच्या मुख्य गावात, बहुधा कोर्टहाउसमध्ये किंवा त्याच्या आसपास असतं. 8,000 पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत काउंटी क्लर्क आणि जिल्हा न्यायालयाचा क्लर्क ही दोन्ही कामं एकच व्यक्ती सांभाळत असू शकते, त्यामुळे कोर्टाचं काम असेल त्या दिवशी थांबावं लागण्याची शक्यता असते. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होते का, दुपारी शेवटचा अर्ज किती वाजता घेतात, कार्ड चालतं की रोख पैसे लागतात, गुड फ्रायडेसारख्या दिवशी कार्यालय उघडं असतं का, अपॉइंटमेंट लागते का, एवढं विचारून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेटच्या फुलांसाठी हिल कंट्रीत लग्नांची आणि पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा तर नक्कीच.

आता मुहूर्ताचं. परवाना मिळाल्यापासून 72 तास लग्न लावता येत नाही. तीन दिवस म्हणून मोजू नका, तास मोजा. शनिवारी सकाळी 10 वाजून 20 मिनिटांचा मुहूर्त असेल, तर परवाना बुधवारी सकाळी 10:20 च्या आधी हातात हवा, म्हणजे कार्यालयात मंगळवारीच जाणं शहाणपणाचं. तिकिटं काढताना हा हिशेब धरा. गुरुवारी रात्री विमानतळावर उतरून शनिवारी बोहल्यावर उभं राहणं कायद्यात बसत नाही. सैन्यात सक्रिय सेवेत असणाऱ्यांना ही अट नाही, आणि न्यायाधीश सूट देऊ शकतात. राज्याचा ‘टूगेदर इन टेक्सास’ हा निदान आठ तासांचा विवाहपूर्व अभ्यासक्रम दोघांनी पूर्ण केला, तरीही 72 तासांची अट उठते, शिवाय फीत 60 डॉलरची सवलत मिळते. हा अभ्यासक्रम मी प्रत्येक जोडप्याला सुचवते. पैसे वाचतात ते वेगळंच, पण पैशाबद्दल आणि घरातल्या जबाबदाऱ्यांबद्दल दोघं मनमोकळं बोलतात, आणि ते बोलणं घाईगर्दीच्या महिन्यांत एरवी होत नाही. उलट टोकाची मुदतही लक्षात ठेवा. 90 वा दिवस उजाडायच्या आत लग्न लागलं नाही, तर परवाना रद्द होतो आणि नवा काढावा लागतो.

खिडकीवर दोघांनी एकत्र जायचं. पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेचा सरकारी ओळख क्रमांक) असेल तर तो विचारतात. रक्ततपासणी नाही, आणि आपल्याकडच्या नोंदणीसारखे साक्षीदारही लागत नाहीत, तेव्हा मामांना त्यासाठी सुट्टी काढायला लावू नका. नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधल्या जागी असतं, कधी पहिल्या नावाला चिकटलेलं, तर कधी आडनावाची जागाच रिकामी. परवान्यावर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहून घ्या, आणि छापलेला कागद सही करण्यापूर्वी अक्षर-अक्षर वाचा. नंतरची दुरुस्ती म्हणजे शपथपत्र आणि पुन्हा कागदपत्रं. लग्नानंतरचं नवं नाव टेक्सासच्या परवान्यावर येत नाही. ते काम दाखला आल्यावर सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात सुरू होतं.

अर्जात शपथेवर काही प्रश्न असतात. सध्या विवाहित आहात का, गेल्या 30 दिवसांत घटस्फोट झाला आहे का, मुलांच्या पोटगीची कोर्टानं ठरवलेली रक्कम थकली आहे का. यातला एक प्रश्न आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे, तो नात्याचा. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रीतीला धरून मानलं जातं. टेक्सासमध्ये 2005 पासून सख्ख्या मामे-आते-चुलत-मावस भावंडांच्या लग्नाला कायद्यानं मनाई आहे आणि असा परवाना मिळत नाही. तसं नातं असेल, तर हॉलचं बुकिंग करण्याआधी वकिलाशी बोला. शपथेवर खोटं लिहिण्याचा सल्ला कुणी प्रेमानं दिला तरी ऐकू नका.

गुरुजी ठरवताना दक्षिणेइतकंच त्यांच्या अधिकाराबद्दल विचारा. धार्मिक संस्थेनं लग्न लावण्याचा अधिकार दिलेली व्यक्ती किंवा न्यायाधीश यांनाच परवान्यावर सही करता येते. मंदिराचे गुरुजी बहुधा यात बसतात, पण हौसेनं मंगलाष्टकं म्हणणाऱ्या काकांचं आधी बघून घ्या. जस्टिस ऑफ द पीसकडे (स्थानिक न्यायाधीशाकडे) आधी जाऊन कायदेशीर लग्न लावून घेण्याचाही मार्ग आहे. मात्र मग कागदोपत्री तारीख तीच राहील, अक्षतांची नाही.

विधी झाल्यावर गुरुजींनी तारीख आणि लग्न लागलं ती काउंटी लिहून सही करायची, आणि 30 दिवसांच्या आत परवाना ज्या क्लर्कनं दिला त्याच्याकडेच परत जायला हवा. जेवणावळीच्या धामधुमीत हा कागद आहेराच्या पिशवीत जातो. म्हणून घरातल्या एका जबाबदार माणसाला फक्त हेच काम द्या: सही घेणं, फोटो काढून ठेवणं, सोमवारी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवणं किंवा स्वतः नेऊन देणं. नोंद झाली की मूळ परवाना पोस्टानं परत येतो. त्याच वेळी दोन-तीन सर्टिफाइड कॉपी (क्लर्कनं प्रमाणित केलेल्या प्रती) मागवून ठेवा, कारण ग्रीन कार्ड, एच-4 (जोडीदाराचा व्हिसा), बँक, विमा अशा ठिकाणी त्याच लागतात. भारतात वापरायची प्रत असेल, तर ऑस्टिनमधल्या, टेक्सास राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेलं प्रमाणपत्र, करून घ्या. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. एक सांगते: इथे कायदेशीर लग्न झाल्यावर गावी पुन्हा सोहळा जरूर करा, पण तिथे दुसऱ्या तारखेची वेगळी नोंदणी करू नका. दोन दाखले आणि दोन तारखा म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जात खुलासा.

जुनी नोंद शोधायची असेल, समजा आईवडिलांचं 1978 चं लग्न, तर पहिला प्रश्न तोच: परवाना कोणत्या काउंटीतून घेतला होता? ते तेव्हा कुठे शिकत होते, कुठे राहत होते, तिथून सुरुवात करा. काउंटी आठवतच नसेल, तर राज्याच्या आरोग्य खात्याकडे 1966 पासूनच्या लग्नांची सूची आहे. ते खातं लग्न झाल्याची खात्री देणारं पत्र देतं, पण सर्टिफाइड कॉपी देत नाही. ती काउंटी क्लर्ककडेच मिळते. 1966 च्या आधीचं लग्न असेल, तर थेट काउंटीच्या जुन्या रजिस्टरांच्या अनुक्रमणिका बघाव्या लागतात. लहान काउंटीत सगळी जुनी रजिस्टरं ऑनलाइन असतीलच असं नाही, तेव्हा पत्र पाठवा. पत्रात दोघांची पूर्ण नावं लिहा, आईचं माहेरचं आडनाव नक्की लिहा, तारीख माहीत नसेल तर अंदाजे वर्षं द्या, आणि इंग्रजी स्पेलिंगचे जितके पर्याय सुचतील तितके द्या. क्षीरसागर, त्र्यंबक, ज्ञानेश्वर ही नावं तेव्हाच्या टंकलेखकानं कशीही लिहिलेली असू शकतात. वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असू शकतं, म्हणून त्या नावानंही शोधायला सांगा. फी किती आणि कशी भरायची हे आधी फोनवर विचारा, आणि पाकिटात तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घाला.