ब्लेडला शिव्या घालण्याआधी: डबल-एज दाढीतल्या या चुका टाळा

"ब्लेड बेकार निघालं हो," असं कुणी म्हणालं की मी आधी त्याची मान बघतो. मानेवर लाल पुरळ, कंठमण्याशेजारी ताजी चीर आणि गालावर खुंट मात्र जसेच्या तसे, असा प्रकार असेल तर ब्लेड बिचारं निर्दोष असतं.

साताऱ्यात सध्या पोरांना डबल-एज रेझरचं, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं सुटं ब्लेड बसवायच्या रेझरचं, खूळ लागलंय. खूळ चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. ऑनलाइन जाडजूड स्टीलचा रेझर येतो, सोबत दहा जातींच्या ब्लेडचं मिश्र पाकीट येतं आणि पहिल्याच रविवारी चेहरा सोलून निघतो. सोमवारी हेच वीर मोती चौकात कटलरीच्या दुकानात उभे: "जरा भारीतलं ब्लेड दाखवा." अरे बाबांनो, परवापर्यंत तुम्ही ज्या सलूनमध्ये दाढी करत होता, तिथला कारागीर असंच एखादं दोन-तीन रुपयांचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि त्यातलं अर्धं वस्तऱ्यात सरकवून तुमच्या गळ्यावरून फिरवतो. तेव्हा कधी रक्त आलं होतं? अर्ध्या ब्लेडमध्ये जमतं ते अख्ख्यात का जमू नये?

टोपाझ, सुपरमॅक्स, लेझर, सेव्हन ओ'क्लॉक ही आपल्या टपरीवर मिळणारी नावं परदेशातले शौकीन आवडीनं मागवून घेतात. अमेरिकेतल्या किंग जिलेट या गृहस्थाला अशा ब्लेडच्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. आज कुठल्याही कंपनीचं डबल-एज ब्लेड कुठल्याही डबल-एज रेझरमध्ये बसतं आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असते. तेव्हा स्वस्त ब्लेड आजमावून बघायला अजिबात भिऊ नका. मात्र आजमावताना लोक जे उद्योग करतात, ते ऐकून ऐकून कान किटलेत.

दाबून ओढणे

सगळ्या चुकांची आजी ही. कार्ट्रिजवर, म्हणजे दांडीला लावायच्या तयार पात्यांच्या डोक्यावर, वाढलेल्या हाताला दाबायची सवय असते आणि तो हाताचा दोष नव्हे, कार्ट्रिजच तशी बनवलेली असते. 1971 मध्ये दोन पात्यांची कार्ट्रिज बाजारात आली, पुढं तीन झाली, पाच झाली. तिची मान हलती असते, पाती आत दबलेली असतात, वर गुळगुळीत पट्टी असते. कितीही दाबा, ती सांभाळून घेते. डबल-एज रेझरला हलती मान नाही. कोन तुम्ही धरायचा, दाब तुम्ही आवरायचा.

माझ्या भाच्याचा साखरपुडा सांगलीत होता, विश्रामबागेत. आदल्या रात्री साहेबांचा फोन. "मामा, नवीन रेझर आलाय. उद्या पहिली दाढी यानंच." मी म्हटलं, "उद्या गपगुमान सलूनमध्ये जा, रेझर पुढच्या आठवड्यात काढ." त्यावर उत्तर आलं, "मामा, सगळे व्हिडिओ बघून झालेत." या वाक्यापुढं बोलण्यात अर्थ नसतो.

सकाळी मी पोचलो तेव्हा पाहुणे चहाला बसले होते आणि नवरदेव बाथरूममध्ये. बाहेरून हाका चालू. त्यानं मिश्र पाकिटातून नेमकं जपानचं फेदर उचललं होतं. या धंद्यातलं सगळ्यात धारदार म्हणून ज्याचं नाव घेतात, ते. तेही पहिल्या दाढीला! तोंडावर पाणी मारलं न मारलं, डब्यातला फोम फासला आणि कानापासून हनुवटीपर्यंत एकच लांब ओढ. गाल कसाबसा निभावला. जबड्याचा कोपरा ओलांडून मानेत उतरताना हात तसाच दाबून चालला आणि कंठमण्याच्या बाजूला इंचभर चीर पडली. चीर खोल नव्हती, पण मानेचं रक्त थांबता थांबत नाही. क्रीम रंगाच्या सदऱ्याची कॉलर लाल झाली. तुरटी कुणाला सापडेना. शेवटी त्याच्या काकूनं स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली आणि दिली दाबून. सांगलीच्या घरात हळदीला काय तोटा! रक्त थांबलं, सदरा बदलला, पण मान पिवळीधमक ती पिवळीधमकच. अंगठ्या घालताना मुलीच्या आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "जावईबापूंनी हळद आजच लावून घेतली वाटतं." मांडव हसला. फोटोंमध्ये ती मान अजून आहे.

एवढं रामायण झाल्यावर हा पठ्ठ्या मला काय म्हणाला असेल? "मामा, ते जपानी ब्लेड लई डेंजर."

ब्लेड डेंजर नव्हतं, हात जड होता. माझी सवय सांगतो. रेझर दांडीच्या अगदी शेपटाशी, तीन बोटांत धरायचा. तिथं धरल्यावर मनात आलं तरी दाबता येत नाही. रेझरच्या डोक्याचं जे वजन पडेल तेवढंच पडू द्यायचं. कोनासाठी कोनमापक लागत नाही: रेझरची टोपी गालाला टेकवा, दांडी गालाशी काटकोनात ठेवा आणि हळूहळू खाली झुकवत या. खुंट कापला जाण्याचा बारीक 'कर्र' आवाज सुरू झाला की थांबा. कोन साधारण 30 अंशांचा होतो. मग इंच-दीड इंचाचे आखूड हात, दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरलेली. मी दाढी करताना पंखा बंद करतो, मोबाइलवरची गाणीही बंद. त्या आवाजावर माझा कोन चालतो. आवाज गेला म्हणजे दांडी कुठंतरी भरकटली, आणि आवाजाऐवजी ओढ लागली म्हणजे फेस तरी वाळलाय किंवा ब्लेडचे दिवस भरलेत.

एका दाढीत निकाल

ही माझी दुसरी आवडती चीड. नवा रेझर, नवा ब्रश, नवा साबण आणि नवं ब्लेड, सगळं एकाच सकाळी. मग तोंड भाजलं की दोष ब्लेडला, कारण चौघांत तेच स्वस्त. गरिबाला कोण विचारतो!

याच्याही पुढची शहाणी मंडळी आहेत. उजव्या गालाला एक ब्लेड, डाव्या गालाला दुसरं, आणि याला म्हणायचं तुलना. उजव्या हातानं दाढी करणाऱ्या माणसाचा डावा गाल वेगळ्या कोनातून कापला जातो, मनगट वेगळं वळतं. त्यातून बहुतेकांच्या दोन्ही बाजूंचे केस सारखे वाढतही नाहीत. ती तुलना दोन ब्लेडची नसून तुमच्या एकाच मनगटाच्या दोन वळणांची असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही. ब्लेड एकटं काम करत नाही, रेझरसोबत करतं. पातं टोपीखाली वाकून बसतं. ते किती बाहेर डोकावणार आणि त्याच्या नि खालच्या पट्टीच्या मध्ये किती फट राहणार, हे रेझर ठरवतो. पातं कमी डोकावणाऱ्या मवाळ रेझरमध्ये जे ब्लेड नुसतं कुरतडतं, तेच जरा उघड्या रेझरमध्ये लोण्यासारखं चालतं. म्हणून मित्राला चाललेलं ब्लेड तुम्हाला चालेलच असं नाही, आणि त्यानं फेकलेलं तुमच्या गालाला देवासारखं पावेल.

माझी पद्धत म्हातारी आहे, पण धड आहे. रेझर तोच, साबण तोच, आंघोळीनंतरची वेळ तीच. बदलायचं फक्त ब्लेड. एका ब्लेडनं निदान तीन दाढ्या झाल्याशिवाय मत बनवायचं नाही. धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम अशा धातूचा थर असतो आणि त्यावर बऱ्याचदा टेफ्लॉनच्या जातीचा लेप. पहिली दाढी थोडी खरखरीत आणि दुसरी मऊसूत, असं काही ब्लेडांच्या बाबतीत मला हमखास जाणवतं. मी ब्लेडच्या वेष्टनाच्या कागदावरच बॉलपेननं तारीख टाकतो आणि मागं दोन शब्द: 'मानेला बरं', 'हनुवटीला ओढतं'. तो चिटोरा आरशामागं खोचून ठेवायचा. घरच्यांना तो कचरा वाटतो, वाटू दे. सगळ्या व्हिडिओंपेक्षा त्या चिटोऱ्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

नवशिक्यानं मिश्र पाकीट घेऊच नये, असं माझं मत आहे. एका जातीचं पाचाचं पाकीट घ्या, ते संपवा, मग दुसरं. आणि एक दाढी बरी झाली म्हणून लगेच शंभराचं खोकंही उचलू नका.

ब्लेड तिरकं बसवणे

टोपी, खालची पट्टी आणि दांडी अशा तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये हे फार होतं. एका बाजूनं पातं जास्त डोकावतं, दुसऱ्या बाजूनं दिसतही नाही. मग एकीकडून कापतं, दुसरीकडून नुसतं फिरतं, आणि पुन्हा शिवी ब्लेडला. टोपी उलटी करून टेबलावर ठेवा. ब्लेड आखूड बाजूंनी, म्हणजे जिथं धार नाही तिथं धरून बसवा, वर खालची पट्टी ठेवा, हलकं दाबून दांडी आवळा. मग रेझर समोरून डोळ्याच्या रेषेत धरून दोन्ही कडांना पात्याची सारखीच बारीक रेघ दिसते का बघा. काही ब्लेडांवर कागद चिकटवायला मेणाचे ठिपके असतात. ते राहिले तरी ब्लेड नीट बसत नाही. गरम पाण्याखाली धरलं की जातात.

पाण्याकडं दुर्लक्ष

जत, कवठेमहांकाळकडच्या पाहुण्यांची नेहमीची तक्रार: "फेसच धरत नाही." बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो आणि दोन मिनिटांत गालावर वाळतो. साबण दुप्पट घ्या, नाहीतर मगभर पिण्याचं फिल्टरचं पाणी दाढीसाठी वेगळं काढा. साबण बदलून काही होत नाही. आणि पाणी कुठलंही असो, केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजले पाहिजेत. भिजलेला केस मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. साताऱ्याच्या थंडीत तर हे वगळूच नका. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी दाढी वाढवावी, चेहऱ्याला शोभते हल्ली.

पहिलाच हात उलटा

गुळगुळीत व्हायची घाई. आधी केसाच्या दिशेनं सुलटी, पुन्हा साबण, मग आडवी, आणि कातडी कुरकुरली नाही तरच उलटी. मानेवरचे केस सरळ खाली वाढतात असं गृहीत धरू नका. तिथं भोवरे असतात. एक दिवसाची दाढी असताना कोरड्या बोटांनी चाचपून बघा, कुठल्या दिशेनं टोचतं ते कळेल. साबणाशिवाय कोरड्या जागेवर 'फक्त एकच हात' मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कंजूषपणा

दोन-तीन रुपयांचं ब्लेड महिनाभर वापरून त्याची हुशारी मिरवणारे लोक आहेत. पोलाद केसापेक्षा जवळपास पन्नास पट कठीण, तरी केस त्याचे टवके काढतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं आणि 2020 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापलं. पातं केसाला तिरकं भिडतं, केस वाकतो आणि धारेतल्या कमकुवत जागी बारीक कपची उडते. डोळ्याला दिसत नाही, गालाला कळते. माझा हिशेब चार दाढ्यांचा. राठ दाढीवाल्यांनी तिसरीलाच निरोप द्यावा. जिथं बचत आधीच झालीय तिथं आणखी काय वाचवायचंय?

बाकीच्या बारीकसारीक

ब्लेड टॉवेलला पुसू नका. धारही जाते आणि बोटही. पाण्याखाली धरा, झटका, वाळू द्या.

नवं ब्लेड बुचाच्या लाकडात खुपसून 'मवाळ' करायचा एक सल्ला फिरतोय. ज्याला ब्लेड जहाल वाटतं त्यानं मवाळ ब्लेड घ्यावं, चांगलं कशाला बिघडवायचं?

तुरटी आधीच आणून ठेवा. ओल्या चेहऱ्यावर फिरवा, मिनिटभरानं धुवा. कुठं जास्त झोंबतं तिथं तुमचा हात जड पडलाय, हे ती सांगते.

आठवडी बाजारात नामांकित ब्लेड निम्म्या किमतीत मिळालं तर छपाई नीट वाचा. अक्षरं फिकट, किंमत नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, तर ते हातात सुद्धा धरू नका. स्वस्त वेगळं आणि नकली वेगळं.

राहिला वापरलेल्या ब्लेडचा प्रश्न. यावर मी खरोखर चिडतो. कागदात गुंडाळून घंटागाडीच्या कचऱ्यात टाकणाऱ्यांना कचरा वेगळा करणाऱ्या बाईंचे हात दिसत नाहीत का? ब्लेडांच्या बऱ्याच प्लास्टिकच्या डब्यांना मागच्या बाजूला जुनी ब्लेडं सरकवायची फट असते, निम्म्या लोकांना ती ठाऊकच नसते. कागदी पाकिटातली वापरत असाल तर एखादा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण चिकटपट्टीनं कायमचं बंद करा. माझा डबा पावडरीचा आहे, खिडकीत ठेवलेला, वर जाड अक्षरांत 'ब्लेड' लिहिलेलं. भरायला वर्षं लागतात. भरला की चिरेवरही चिकटपट्टी लावून घंटागाडीवाल्याच्या हातात द्यायचा, आत काय आहे ते तोंडानं सांगून.