फॉरेन्सिकला आलाय? पाण्यातल्या पहिल्या केसच्या आधी एवढं ऐका

एमडीला फॉरेन्सिक मिळालं म्हटल्यावर घरी आधी शांतता आणि मग "म्हणजे पेशंट जिवंत नसणार का गं?" हा प्रश्न, हे सगळ्यांकडे होतंच, त्यावर लिहित बसत नाही. मी फक्त पाण्यातल्या केसेसबद्दल लिहितेय, कारण पावसाळा लागला की त्या येत राहतात, विहीर, नदी, धरण, विसर्जन, आणि नवीन रेसिडेंट हमखास तिथेच घसरतो. मी पण घसरले.

जूनमधली विहिरीतली बॉडी होती. पंचनाम्यात "प्रेत पाण्यावर तरंगत असताना दिसून आले", वेळ आदल्या दिवशी संध्याकाळची. हवालदारांनी विचारलं, मॅडम, मेला कधी? मी सरळ सांगून टाकलं, काल दुपारी वगैरे. आमच्या लेक्चरर मॅडम मागेच उभ्या होत्या, म्हणाल्या, "तो काल वर आला. मेला कधी ते विचारतायत ते."

तर माणूस बुडतो तेव्हा बहुतेक वेळा आधी तळाला जातो. फुप्फुसात हवा असेपर्यंत शरीर पाण्यापेक्षा जेमतेम हलकं, हवा गेली पाणी आलं की जड. मग आतड्यातले जिवाणू कामाला लागतात, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड असे गॅस साचतात, पोट फुगतं आणि बॉडी वर येते. म्हणजे तरंगणं हे मरणाचं घड्याळ नाही, सडण्याचं आहे, आणि ते घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं. आपल्याकडे उन्हाळ्यात साधारण एका दिवसात बॉडी वर येते, थंडीत दोन-तीन दिवस लागतात, आणि अमेरिकेतल्या लेक सुपीरियरसारख्या थंडगार खोल तलावात जिवाणूंचं कामच इतकं मंदावतं की कित्येक बॉड्या कधी वर येतच नाहीत. त्यात अंगावर जड कपडे, गाळात अडकलेला पाय, खारं पाणी की गोडं, सगळं धरायला लागतं. पुस्तकात कॅस्परचा नियम पाठ केलेला असतो ना, सडण्याच्या बाबतीत हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीतले आठ, तो व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला सांगा, रिपोर्टमध्ये त्यावरून तास काढायला जाऊ नका.

अजून एक, पाण्यात बॉडी सहसा पालथी असते, डोकं आणि हातपाय खाली लोंबतात, म्हणून रक्त डोक्या-मानेकडे उतरतं आणि चेहरा सगळ्यात आधी काळा पडून फुगतो. नातेवाईक ओळखायला येतात तेव्हा चेहरा दाखवून उपयोग नसतो, कपडे, गोंदण, अंगठी, करगोटा आधी नीट नोंदवून ठेवा. आणि बाहेर काढल्यावर सडणं एकदम वेगाने वाढतं, त्यामुळे "उद्या सकाळी करू" म्हणून बाहेर ठेवू नका, कोल्ड स्टोरेजला टाका. 2021 पासून सूर्यास्तानंतर पीएमला, म्हणजे पोस्टमॉर्टेमला परवानगी आहे खरी पण सडलेली बॉडी, खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशा केसेस त्यातून सहसा वगळलेल्या आहेत, म्हणजे आपल्या पाण्यातल्या केसला ती बहुतेकदा लागूच होत नाही.

वासाचं सगळे विचारतात. नाकाखाली बाम लावू नका, एकतर त्याने नाक उलट मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि दुसरं म्हणजे कीटकनाशकाचा किंवा रॉकेलचा वास तुम्हाला यायलाच हवा, विष पाजून ढकललेला माणूस पण पाण्यातच सापडतो. पोट उघडताना आधी छोटा छेद द्या आणि एक पाऊल मागे या. हे मला मॉर्च्युरीतल्या मामांनी शिकवलं, एप्रन खराब झाल्यावर.

आता दुसरं तरंगणं, आणि हे मनाला जास्त लागतं. नवजात बाळाची केस. फुप्फुस पाण्यात टाकायचं, तरंगलं तर श्वास घेतला होता, बुडालं तर नाही, अशी ती हायड्रोस्टॅटिक टेस्ट. जर्मनीत 1681 च्या सुमारास श्रायर नावाच्या डॉक्टरने ती कोर्टाच्या कामासाठी वापरली, तिथे फुप्फुसं बुडाली आणि आरोपी मुलगी सुटली. ऐकायला किती सोपं, पण सडलेलं फुप्फुस गॅसमुळे तरंगतं, कोणी तोंडाने हवा भरायचा प्रयत्न केला असेल तरी तरंगतं, आणि श्वास घेतलेलं बाळ असूनही फुप्फुस नीट फुललं नसेल तर बुडतं. म्हणून तुकडे करून दाबून परत पाण्यात टाकून बघतात, सडण्याचा गॅस बराचसा निघून जातो, श्वासाची हवा आत राहते. तरी नुसत्या या टेस्टवर मत देऊ नका, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवा. समोर बहुतेक वेळा एखादी घाबरलेली, एकटी पडलेली पोरगी असते, आणि तुमच्या एका वाक्यावर तिच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 94 लागणार, म्हणजे बाळाचा जन्म लपवणं, की त्याच्यापेक्षा मोठं काही, हे बरंचसं ठरतं. मी त्या रिपोर्टवर तीन रात्री बसले होते.

डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, माणूस बुडून मेला का ते ठरवायला आम्ही ते हाडात शोधतो. त्याचं मात्र मला कॉलेजात कळलंच नाही, ते कळलं मावसबहिणीमुळे. ती कोल्हापूरला पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करत होती, पंचगंगेत मासे मरून तरंगले की बाटल्या घेऊन पळायची. ती म्हणाली, अगं आमच्याकडे पण तुझ्यासारखंच आहे, तरंगणारे मासे म्हणजे मेलेले सगळे नव्हेत, बरेचसे तळाला असतात, आणि दुपारी बातमी आली म्हणून दुपारी मेले असं नाही. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी पहाटे असतो, कारण रात्रभर शेवाळ बनवत काहीच नाही, नुसता ओढत असतं. मोठे मासे आधी गेले असतील तर ऑक्सिजनचा संशय घ्यायचा, लहानमोठे सगळे सरसकट गेले तर विषाचा.

तर या डायटमला सिलिकाचं कवच असतं, आम्ही नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये अस्थिमज्जा विरघळवली तरी ते कवच टिकतं. माणूस जिवंत असताना पाणी ओढलं, हृदय चालू होतं, तरच ते रक्तातून हाडापर्यंत पोचतं. नुसत्या फुप्फुसात सापडलं तर त्याला फार अर्थ नाही, मेल्यावर पण पाणी आत शिरतंच. आणि नाही सापडलं म्हणजे बुडून मेला नाही असंही नाही. पण हे सगळं घटनास्थळाच्या पाण्याशी जुळवायला लागतं आणि पोलीस पाणी आणतात ते बिसलेरीच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटलीत, म्हणून धुतलेली लिटरची बाटली तुम्हीच द्या, कुठून, कधी भरली ते लेबलवर लिहून घ्या.

तिच्या लॅबमध्ये नदीच्या पाण्याची स्लाइड मी पहिल्यांदा नीट बघितली. सुईसारखी बारीक कवचं होती. "ही नित्झशिया," ती म्हणाली, "ही जास्त दिसली की आम्ही समजतो नाल्याचं पाणी येतंय." मी वहीत नाव लिहून घेतलं आणि खाली बाटलीचा नंबर.