जुन्या जीपची चॅसी: रंगाआधी हातोडी

कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या महिंद्रा जीपची चॅसी, म्हणजे गाडीची खालची लोखंडी फ्रेम, घरी दुरुस्त करायची, तर रंगाचा डबा आधी उघडू नका. लहान हातोडीने पूर्ण फ्रेम ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर जोराने टोचून बघा. आरपार गेला तर बरंच झालं, आत्ताच कळलं. स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग फ्रेमला जिथे अडकते ते ब्रॅकेट), क्रॉसमेंबरचे (फ्रेमच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचे) सांधे आणि जिथे फ्रेमचं पन्हळीसारखं चॅनेल डब्यासारखं बंद आहे तो भाग जास्त तपासा. वर्षानुवर्षांचा चिखल आत बसून ओल धरतो आणि पत्रा आतूनच खातो.

कुजलेला तुकडा कापण्याआधी फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा आणि फ्रेमला आधाराला आडवा लोखंडी अँगल टाका, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकते. पॅच मूळ पत्र्याच्याच जाडीचा घ्या. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवायची, बॅटरी सोडवायची, यात आळस नको.

ग्राइंडर चालवताना फ्रेमवर कोरलेला चॅसी नंबर सांभाळा. तो घासला गेला तर आरटीओत जे होईल त्यापुढे गंज परवडला.

बाहेरून झिंक प्रायमर सगळेच मारतात. आतल्या पोकळीत लांब नळीने मेण किंवा गंजरोधक तेल फवारणारे थोडेच. ही फवारणी बाहेरचा रंग पूर्ण वाळल्यावर करा, आणि पाणी निघायची खालची भोकं मात्र उघडीच ठेवा.