बायोडेमोग्राफीत येताय? मग आधी हा खड्डा बघून घ्या

बायोडेमोग्राफी म्हणजे जन्म-मृत्यूचे आकडे आणि जीवशास्त्र एकत्र ठेवून केलेला अभ्यास. मोठेपणी वयाबरोबर मृत्युदर ठराविक पटीने वाढत जातो, हे गॉम्पर्ट्झचं १८२५ चं सूत्र, त्याच्या खोलात जात नाही, मी कुठे आपटले तेवढं सांगते.

१९९२ मध्ये जेम्स केरी आणि सहकाऱ्यांनी बारा लाख फळमाश्या मोजून दाखवलं की खूप म्हातारपणी मृत्युदर पूर्वीसारखा वाढत जात नाही. माझ्या डेटातही ग्राफ तसाच वाकलेला दिसला आणि मी लिहून मोकळी झाले की या वयानंतर शरीराची झीज मंदावते. आठ महिने घालवले त्यावर. परीक्षकांनी एकच विचारलं, "आधी मेल्या त्या कुठल्या होत्या?" प्रबंधातलं अख्खं प्रकरण गेलं, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

हे नीट कागदावर करून बघा. ५०० नाजूक माश्या, दर आठवड्याला निम्म्या मरतात. ५०० दणकट, त्यातल्या १० टक्के मरतात. पहिल्या आठवड्यात ३०० मेल्या, म्हणजे ३० टक्के. उरल्या २५० नाजूक आणि ४५० दणकट. दुसऱ्या आठवड्यात १२५ आणि ४५, म्हणजे ७०० पैकी १७०, साधारण २४ टक्के. दर खाली आला ना? पण एकाही माशीचा धोका कमी झालेला नाही, नाजूक लवकर गेल्या आणि गर्दीत दणकट उरल्या, बस. व्होपेल, मॅंटन आणि स्टॅलार्ड यांनी १९७९ मध्येच हे मांडलं होतं, मी पेपर वाचलाही होता, पण हाताने आकडे कधी मांडले नव्हते.

म्हणून आकडे टाकले की उत्तर देणाऱ्या रेडिमेड सॉफ्टवेअर पॅकेजवर माझा राग आहे, पहिलं मॉडेल स्वतः लिहाच. आणि गाईड नुसता मोठ्या नावाचा नको, तुमचा कोड उघडून बघणारा हवा. बायोलॉजीवाले तुम्हाला आकडेमोडवाले म्हणतील, डेमोग्राफीवाले प्रयोगशाळावाले, पहिली दोन वर्षं हे होतंच, घाबरू नका.

काम भरपूर आहे. १९९६ मध्ये रोस्टॉकला माक्स प्लांकची डेमोग्राफीची संस्था सुरू झाली, २०१४ मध्ये ४६ प्रजातींचे मृत्युदर आणि प्रजननदर शेजारी ठेवून कळलं की वय वाढलं की धोका वाढतोच असं सगळीकडे नाही, काहींमध्ये तो सपाट राहतो, काहींमध्ये चक्क कमी होतो. आता मोठ्या सर्व्हेंमध्ये रक्ताचे नमुने घेतात, २०१३ पासून डीएनए मिथायलेशनवरून, म्हणजे डीएनएवर वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणांवरून, वय काढणारी घड्याळं आलीत, पुढची दहा वर्षं तिथेच जातील असं मला वाटतं. पण तिथेही तोच खड्डा आहे, रक्त देतो तो जो तोवर जगलाय आणि ज्याच्या अंगात तेवढी ताकद आहे. मी आता कुठलाही ग्राफ काढण्याआधी सर्व्हेच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये कोण गळालं याचा तक्ता करते, गेलेले वेगळे, नकार दिलेले वेगळे, आणि त्यांच्या पहिल्या फेरीतल्या नोंदी उरलेल्यांच्या शेजारी ठेवते.